भाट्याच्या वाळूवर मंच कशाला?

एकांकिका स्पर्धांच्या दिवसांपासूनच्या आमच्या मित्रमंडळींच्या गटावर पंधरा दिवस एकच वाद पेटलाय. रत्नागिरीतल्या एका मैत्रिणीला भाट्याच्या किनाऱ्यावर समकालीन नृत्याचा प्रयोग करायचाय. निम्मे म्हणतात, आधी समुद्राकाठी पक्का खुला रंगमंच बांधून घ्या. उरलेल्यांचं म्हणणं, उघड्यावर नकोच. बघे जमतील, मोबाइल काढतील, विचका होईल. आणि मध्येच मला विचारतात, ‘तुमच्याकडे कसं करतात गं?’

‘आमच्याकडे’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा ओशन बीच. पाण्यात उतरणं धोक्याचं, आणि उन्हाळ्यात धुक्यामुळे बऱ्याचदा पाणीच दिसत नाही. तिथे मागच्या वर्षी सहा नर्तकांचा प्रयोग पाहिला. ते पाण्याच्या कडेला ओल्या, घट्ट वाळूवर नाचत होते, कारण कोरड्या वाळूत पाय रुततो, उडीला जोर मिळत नाही. एक मुलगी मागे सरकणाऱ्या लाटेमागे धावायची आणि पाठीवर पडायची. वाळूत तिच्या खांद्यांचा ठसा उमटायचा, पुढची लाट तो पुसून टाकायची. तिसऱ्या वेळी लाट लवकर आली. पडायच्या आधीच ती कमरेपर्यंत भिजली आणि तशीच उभी राहिली. बसवलेल्या सगळ्या नाचापेक्षा ते उभं राहणंच माझ्या लक्षात आहे.

प्रेक्षक मोजून तीसेक, त्यातले निम्मे नर्तकांचे मित्र. परवानगीच्या अर्जाला विम्याचा कागद जोडावा लागला होता. जागाही जपून निवडलेली, कारण किनाऱ्याचा एक पट्टा स्नोई प्लोव्हर या चिमुकल्या पक्ष्यांसाठी राखलेला आहे. फिरायला आलेले लोक क्षणभर थांबायचे आणि अदबीनं लांबून वळसा घालून जायचे. मध्ये घुसला तो फक्त एक कुत्रा. मला त्या अदबीचाच राग आला.

आणि तुम्ही बघ्यांना घाबरता? शिमग्यात खांद्यावर पालखी नाचते तेव्हा कोण खुर्ची मागतं? माणसं पुढे येतात, मागे सरकतात, पालखी वळली की आपसूक वाट देतात. उभ्यानं, सरकत सरकत पाहणं त्या गावांना शिकवायला नको.

राहिला मंच. जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउश यांची ‘राइट ऑफ स्प्रिंग’ ही १९७५ची रचना मंचावर मातीचा थर पसरून करतात. २०२० साली आफ्रिकेतल्या १४ देशांच्या नर्तकांनी ती सेनेगलमध्ये बसवली आणि मार्चमध्ये कोरोनामुळे डाकारचा पहिला प्रयोग रद्द झाला. मग शेवटची तालीम त्यांनी तूबाब जालॉच्या किनाऱ्यावर केली, मातीच्या जागी वाळू. तीच चित्रित झाली, जगानं आधी तीच पाहिली. पक्का मंच भरतीरेषेच्या वरच बांधणार ना? म्हणजे समुद्र नुसता मागचा पडदा. त्यापेक्षा नाट्यगृह काय वाईट!

भरतीबद्दल मात्र गटावर अवाक्षर नाही. इथे छापील तक्ते बघावे लागतात, कारण दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहा; भांगाची, म्हणजे कमी जोराची असली तरी भरतीच, संध्याकाळी वाळूचा पट्टा आखडतो. पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास उधाणाची ओहोटी आणि ओली वाळू लांबवर उघडी. वर मावळतीचा उजेड फुकट.

परवानगीचं मला इथून सांगता येणार नाही. नाटकाची संहिता सरकारच्या परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायची आपल्याला सवय आहे; नाचाची संहिता कुठून आणायची, हे कुणी सांगितलं तर मलाही हवंय.

फाल्गुनातली पौर्णिमा सोड, तेव्हा गाव पालखीमागे असेल, माघातली बघ, असं मी मैत्रिणीला वेगळं कळवलं. तिचं उत्तर आलं: ‘खाडीतल्या मच्छीमारांना आधीच विचारलंय. ते म्हणाले, साडेसहाच्या आत आटपा, मग पाणी वर यायला लागतं. आणि आम्हीही येणार बघायला.’