साईड ॲक्टर म्हणे!

सकाळपासून डोकं फिरलंय त्यामुळे पोस्ट मोठी होणार, वेळ नसेल त्यांनी सरळ पुढं जा.

झालं असं की काल रात्री कुठल्याशा चॅनलवर इन्सेप्शन लागला होता आणि आमच्या शाळेच्या ग्रुपवर त्याचीच चर्चा. एकानं त्यातल्या त्या मरायला टेकलेल्या बापाचा, किलियन मर्फीच्या बापाचा, फोटो टाकला आणि खाली लिहिलं, हा म्हातारा कोण रे, एवढ्या मोठ्या पिक्चरमध्ये याला नुसता झोपून राहायचा रोल. दुसरा लगेच, असेल कुणीतरी साईड ॲक्टर. मग हसण्याच्या इमोजींची रांग. मी नाव लिहिलं, पीट पॉसलथ्वेट. तर उत्तर काय, असलं नाव घेऊन कोण स्टार होणार!

त्या नावाचंच आधी सांगते. १९४६ चा जन्म, मँचेस्टर आणि लिव्हरपूलच्या मधे वॉरिंग्टन नावाचं गाव आहे तिथला. आधी शाळेत नाटक शिकवायचा, मग ब्रिस्टलला नाट्यशाळेत जाऊन स्वतः शिकला, मग लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरात नाटकं. तेव्हाच त्याला लोक सांगत होते की आडनाव बदल बाबा, थिएटरबाहेर दिव्यांच्या अक्षरात हे नाव लावायचं तर विजेचं बिल परवडणार नाही. त्यानं नाही बदललं. आणि ते तोंड, वर आलेली गालाची हाडं, खोल गेलेले डोळे, मोठं नाक, तेही त्याच्या गावचंच होतं, तेही काही बदलण्यासारखं नव्हतं.

आणि इन्सेप्शनचं म्हणाल तर तो पिक्चर परत बघा जरा. पोराच्या डोक्यात शिरणारी ती सगळी टोळी, स्वप्नातलं स्वप्न, बर्फ, गोळीबार, हा सगळा खटाटोप कशासाठी आहे? त्या पलंगावरच्या बापाचं एक अर्धवट वाक्य पोराला वेगळं ऐकू यावं म्हणून. एक शब्द निघतो, श्वास अडकतो, मग पुढचा. ते वाक्य खोटं वाटलं असतं तर अख्खा पिक्चर पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळला असता. आणि याला तुम्ही साईड म्हणता.

मला हा शब्द का झोंबतो ते सांगते.

आमचे आण्णा कापडगिरणीत होते, साचेखात्यात, म्हणजे जिथं मागांवर कापड विणतात तिथं. पण बदली. कायम कधीच झाले नाहीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बदलीवाला म्हणजे पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, कायमवाला कुणी आला नाही तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, हात करणार, नाही केला तर डबा तसाच घेऊन घरी. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली, आणि आण्णा परत कधी आत गेलेच नाहीत. पुढं सोसायटीचे वॉचमन. साच्यांच्या आवाजानं कान गेलेले आणि छातीत कापूस, रात्रभर खोकायचे.

२०१३ ची गोष्ट. मी घरी लॅपटॉपवर ब्रास्ड ऑफ बघत होते, १९९६ चा पिक्चर. इंग्लंडात यॉर्कशायरमधलं खाणीचं गाव, खाण बंद होणार, आणि खाणवाल्यांचा एक ब्रास बँड आहे त्याचं काय होणार. पीट पॉसलथ्वेट त्या बँडचा मास्तर, डॅनी. खरी गोष्ट आहे बरं का, ग्राइमथॉर्पची खाण १९९३ मध्ये बंद झाली, पिक्चर तिथंच शूट झाला आणि पिक्चरमधलं वाजवणंही ग्राइमथॉर्पच्याच बँडचं आहे. आण्णा बाजूला येऊन बसले. त्यांना इंग्रजी येत नाही, ऐकू जेमतेम येतं, म्हणून मी मधे मधे ओरडून सांगायला लागले, तर म्हणाले, "गप की, कळतंय मला." आणि तासाभरानं माझ्याकडं वळून विचारलं, "ह्यो कुठल्या खात्यात हुता गं?"

मी म्हटलं, आण्णा ॲक्टर आहे तो. तर मानच हलवली, नाही म्हणून.

भाषा नाही, आवाज नाही, नुसतं तोंड आणि हालचाल बघून साचेखात्यातल्या माणसाला वाटलं की हा आपल्यातला आहे. कुठल्या हिरोला हे जमलंय सांगा ना. हिरो कामगाराचे कपडे घालतो आणि आपल्याला दिसतं की हिरोनं कामगाराचे कपडे घातलेत.

आता कुणीतरी येईलच सांगायला की मग त्यानं डायनासोरच्या पिक्चरमध्ये शिकाऱ्याचं काम का केलं, पैशासाठीच ना. हो, केलं, पोट त्यालाही होतं. पण त्याच पिक्चरनंतर स्पीलबर्गनं त्याला जगातला सगळ्यात चांगला नट म्हटलं, आणि हा स्वतः काय म्हणायचा, की स्पीलबर्ग खरं तर असं म्हणाला असणार की पीटला वाटतं तो जगातला सगळ्यात चांगला नट आहे! असा माणूस.

इन द नेम ऑफ द फादर ज्यांनी बघितला नाही त्यांनी आजच बघा, मला नंतर शिव्या द्या हवं तर. १९७४ च्या गिल्डफर्डच्या बॉम्बस्फोटात भलतीच आयरिश पोरं पकडली, आणि पोराला सोडवायला लंडनला आलेला बापही आत टाकला, जुझेपे कॉनलन. तो खरा माणूस १९८० मध्ये कैदेतच गेला, निर्दोष असताना. पिक्चरमध्ये पोरगा डॅनियल डे-लुईस, सगळी आरडाओरड, मारामारी त्याच्याकडं, आणि हा बाप नुसता कोठडीत बसलेला, आजारी, सरळमार्गी, चिडका नाही. पोराला त्याची लाज वाटते, मग राग येतो, मग हळूहळू कळायला लागतं. बाप जातो त्या रात्री कैदी खिडक्यांमधून पेटलेले कागद खाली सोडतात, अंधारात नुसते जळते कागद तरंगत येतात. हुंदका येतो तो त्या कागदांमुळे नाही, आधीचा तासभर त्या माणसानं काहीही न करता जे केलंय त्यामुळे येतो. ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, ऑस्कर नाही मिळालं, टॉमी ली जोन्सला गेलं. त्या कॅटेगरीचं नाव काय? सपोर्टिंग. सपोर्टिंग म्हणजे आधार देणारा. आधार काढला की काय होतं ते चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको.

आणि हा माणूस कायम गरीब बिचारा बापच करायचा असं नाही हं. १९८८ च्या डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्जमध्ये असा बाप केलाय की तो खोलीत आला की आपलेही खांदे आखडतात, बायकोला मारणारा. टीव्हीवर शार्पमध्ये सार्जंट हेक्सविल, इतका नीच की बघवत नाही, आणि हा नीच माणूस टोपीत आईचा फोटो ठेवून टोपीशी बोलतो! द युझ्वल सस्पेक्ट्समध्ये कोबायाशी नावाचा वकील, बोलण्याची ढब कुठल्या देशाची ते शेवटपर्यंत कळत नाही. द टाउनमध्ये फुलवाला, दुकानात बसून कात्रीनं गुलाबाचे देठ साफ करतोय आणि त्याच आवाजात समोरच्याला धमकी देतोय, हात एकदाही थांबत नाही. ते बघून मला आण्णांचेच हात आठवले, बोलता बोलता तुटलेल्या सुताला गाठ मारायचे, बघायचेसुद्धा नाहीत.

पण नाव कुणाला माहीत नाही. "तो फुलवाला." "तो वकील." आपण आपल्याकडंही हेच करतो, "तो इन्स्पेक्टरचं काम करायचा तो." माणूस तीस-पस्तीस वर्षं राबतो आणि आपल्याला त्याचं नाव विचारावंसं वाटत नाही. याचा राग येतो मला, खरंच येतो. गेटवरसुद्धा आण्णांना नावानं कुणी हाक मारत नव्हतं, "ए बदली" म्हणायचे. पण बदलीवाल्यानं विणलेलं कापड काय दुकानात वेगळ्या भावानं विकत होते का? एकाच ताग्यात जायचं ना?

एक मित्र मला नेहमी टोचतो की खाणवाल्यांसाठी रडणारा तुझा डॅनी पुढं कोळशाच्या वीजप्रकल्पाविरुद्धच उभा राहिला. बरोबर आहे, राहिला. २००९ मध्ये द एज ऑफ स्टुपिडमध्ये त्यानं २०५५ सालातला एकटा उरलेला म्हातारा केला, जग बुडाल्यावर जुन्या क्लिपा बघत बसलेला, (त्यातल्या एका क्लिपमध्ये आपल्या मुंबईत स्वस्त विमान कंपनी काढणारा तरुण उद्योजकही आहे) आणि मग जाहीर सांगितलं की ब्रिटिश सरकारनं इंग्लंडातल्या किंग्जनॉर्थला कोळशाचा नवा वीजप्रकल्प मंजूर केला तर २००४ मध्ये दिलेला ओबीई, म्हणजे तिकडचा सरकारी किताब, परत करीन. मला यात विसंगती दिसत नाही. कोळशावर प्रेम कुणाचं होतं? कोळसा काढणाऱ्या माणसांना वाऱ्यावर सोडलं त्याचा राग होता. ब्रास्ड ऑफच्या शेवटी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये बँड जिंकतो आणि डॅनी स्टेजवरून हेच तर सांगतो, की मला वाटायचं संगीतच महत्त्वाचं, पण माणसांपुढं ते काहीच नाही. जिंकलेली ट्रॉफी नको म्हणतो. त्यावेळी त्याचा आवाज चढत नाही, दमलेल्या माणसासारखा येतो, आणि आयुष्यभर फक्त बँड बँड करणाऱ्याच्या तोंडून ते येतं म्हणून आतडं पिळवटतं.

२००८ मध्ये तो लिव्हरपूलच्या एव्हरीमनमध्ये परत गेला, जिथनं सुरुवात केली तिथंच, किंग लिअर करायला. समीक्षकांची मतं फाटाफूट, सगळ्यांना नाही आवडलं, ठीक आहे. परत गेला ना पण. साठी उलटल्यावर, स्पीलबर्गकडं काम करून आल्यावर.

आणि २ जानेवारी २०११ ला गेला. स्वादुपिंडाचा कॅन्सर. ६४ वर्षांचा होता. इन्सेप्शन आणि द टाउन दोन्ही २०१० चे, म्हणजे कालचा तो "झोपायचा रोल" अगदी शेवटच्या दिवसांतला. द टाउनसाठी बाफ्टाचं, म्हणजे ब्रिटनच्या मोठ्या फिल्म पुरस्काराचं, नॉमिनेशन आलं ते तो गेल्यावर.

राग जरा उतरला लिहिता लिहिता. ग्रुपवर आता भांडायला जाणार नाही.

त्या दिवशीचं राहिलंच सांगायचं. ब्रास्ड ऑफमध्ये एक सीन आहे, डॅनी हॉस्पिटलमध्ये, फुप्फुसात कोळशाची धूळ बसलेली, आणि रात्री बाहेर बँडवाले येऊन उभे राहतात, डोक्यावर खाणीतली हेल्मेटं, त्यावरचे दिवे लावलेले, आणि अंधारात त्याच्यासाठी वाजवायला लागतात. तो पलंगावर ऐकतोय. आण्णांनी लॅपटॉपच्या कडेला तळहात टेकवला. साचा नीट चाललाय का ते असंच बघायचे म्हणे, कान गेल्यावर. हात तसाच ठेवून सीन संपेपर्यंत बसले आणि म्हणाले, परत लाव. तीनदा लावला.

पिक्चर संपल्यावर मी त्यांना सांगितलं, आण्णा, हा माणूस गेला, दोन वर्षं झाली.

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "छातीचंच आसंल."

मी हो म्हटलं.