जाहीर सभेला पास कशाला?

सीमाभागातल्या मित्रांनो, पोस्ट लांबली आहे, पण शेवटपर्यंत वाचा. मी कुठल्या पक्षाचा, कुणाच्या बाजूचा, हे थोडा वेळ बाजूला ठेवा. हे सगळ्याच पक्षांना लागू आहे, सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीलाही.

जाहीर सभा ही जाहीर असली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही बघा. मोठा नेता येणार ठरलं की आधी बूथप्रमुखाकडे पासचे गठ्ठे येतात. पुढच्या खुर्च्यांचे वेगळे, मधल्यांचे वेगळे. ते वाटले कुणाला जातात? ज्याचं मत आधीच पक्कं आहे त्याला, त्याच्या भावाला, त्याच्या मेहुण्याला. उरलेल्या जागा भरायला महिला बचत गटांना निरोप जातो, टेम्पो ठरतात, जेवणाची पाकिटं ठरतात. आणि ज्याला खरोखर ऐकून ठरवायचं आहे, ज्याच्या मनात दोन प्रश्न आहेत, तो रस्त्यापलीकडे चहाच्या गाड्यापाशी उभा राहून भोंग्यातून काय ऐकू येईल ते ऐकतो.

गेल्या विधानसभेच्या वेळी, २०२३ च्या एप्रिलअखेरीला, मी एका सभेच्या फाटकापाशी उभा होतो. पक्षाचं नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की चर्चा त्या पक्षावर जाईल आणि मूळ मुद्दा राहील बाजूला. ऊन असं की डांबर चिकटत होतं. बांबूचं बॅरिकेड, त्यामागं मेटल डिटेक्टरची कमान, आणि कमानीच्या डाव्या हाताला लोकांकडून काढून घेतलेल्या वस्तूंचा ढीग. पाण्याच्या बाटल्या, लायटर, तंबाखूच्या पुड्या, चुन्याच्या डब्या. इथपर्यंत समजू शकतो. बाटली फेकता येते, लायटर पेटवता येतो. पण त्याच ढिगात काळे रुमाल होते. एक काळी छत्री होती. कुणाच्या तरी लहान पोराची काळी टोपी होती. त्या उन्हात पोराच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली, कारण ती काळी होती!

तेवढ्यात आमच्या गल्लीतले तात्या आले. वय सत्तरीच्या पुढं. हलगा-मच्छे बायपासच्या पट्ट्यात त्यांची तिबार पिकाची जमीन. भात, मग मसूर, मग भाजी, असं वर्षभर हिरवं असणारं रान. कोर्टकचेऱ्या, मोजणीला विरोध, पोलीस बंदोबस्तात उभ्या पिकात शिरलेली यंत्रं, हे सगळं वडगाव-शहापूरच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. तात्यांच्या खांद्यावर शेतकरी संघटनेची हिरवी शाल होती. ते नेहमीच घालतात, बाजारालाही आणि लग्नालाही.

फाटकावरचं पोरगं ओळखीचंच. म्हणालं, "तात्या, शाल काढून ठेवा, मग आत जावा."

"का रे?"

"वरनं सांगिटलंय. हिरवी शाल नको म्हणून."

तात्या चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "शाल काढून आत जाऊन मी कोण म्हणून बसू?" आणि माघारी फिरले.

त्या पोराचा मला राग आला नाही. त्याला सांगितलं तसं तो वागला, आणि मान खाली घालून वागला. राग आला तो 'वरनं' सांगणाऱ्यांचा. एक म्हातारा शेतकरी हातात दगड घेऊन आला नव्हता. नेता बायपासबद्दल काही बोलतो का, एवढंच त्याला ऐकायचं होतं. बोलला असता तर कदाचित तात्यांनी त्यालाच मत दिलं असतं.

आता कुणी म्हणेल, सभा पक्षाची, खर्च पक्षाचा, कुणाला बसवायचं ते पक्ष ठरवेल. मंगल कार्यालयात कार्यकर्त्यांचा मेळावा घ्या ना, खुशाल दारं लावून घ्या, कुणाची काही हरकत नाही. पक्षाची अंतर्गत बैठक ही त्यांची खासगी बाब आहे. पण मैदान महापालिकेचं किंवा सरकारी, तिथं यायचा रस्ता आपला, तो रस्ता चार तास बंद करायला पोलीस सरकारी पगारावरचे, आणि बेळगावातल्या सीपीएड मैदानात सभा असली की आजूबाजूच्या दवाखान्यात जाणाऱ्या पेशंटनं गल्लीबोळातून वाट काढायची. हे सगळं जनतेनं सोसायचं आणि त्याच जनतेला दारात अडवून 'तू आमचा आहेस का' म्हणून विचारायचं? निवडणूक आयोगाच्या आचारसंहितेत सरळ लिहिलंय की मैदानं सत्ताधाऱ्यांनी आपल्यापुरती अडवून ठेवायची नाहीत, सर्व पक्षांना सारख्याच अटींवर ती मिळाली पाहिजेत. पक्षांनी तेवढंच वाचलं आणि मैदानं आपापसात वाटून घेतली. मतदार त्या हिशेबात कुठं बसलाच नाही.

दुसरा मुद्दा गोंधळाचा. विरोधक घुसून सभा उधळतील, ही भीती खोटी नाही. आपल्या भागात तर नाहीच. भाषेवरून दगडफेक होते, फलकांना काळं फासलं जातं, बसगाड्या अडवल्या जातात. पण त्यासाठी कायदा आहे की. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७. निवडणुकीच्या काळात सभेत गोंधळ घालणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय सभेच्या अध्यक्षानं सांगितलं तर पोलीस अधिकारी संशयिताचं नाव-पत्ता जागेवर विचारू शकतो. म्हणजे गोंधळ घातल्यावर शिक्षेची सोय आहे. गोंधळ घालायच्या आधीच, शालीचा रंग बघून शिक्षा द्यायची सोय कुठल्याही कायद्यात नाही. ती पक्षांनी आपल्या मनानं काढली.

हे दुखणं आपल्यापुरतंच आहे असंही नाही. अमेरिकेत २००४ साली बुश यांच्या दुसऱ्या निवडणुकीच्या वेळी न्यू मेक्सिकोतल्या रिओ रांचो गावात उपाध्यक्ष चेनी यांची सभा होती. तिकीट घ्यायला गेलेल्या काही लोकांना आधी एका कागदावर सही करायला सांगितलं, की आमचा बुश यांना पाठिंबा आहे. सही नाही तर तिकीट नाही. पुढच्या वर्षी डेन्व्हरला तर तिघांना अध्यक्षांच्या कार्यक्रमातून बाहेर काढलं, आणि कारण काय, तर ते ज्या गाडीतून आले तिच्या मागं युद्धविरोधी स्टिकर होतं. तो प्रचारही नव्हता, सरकारी खर्चानं झालेला कार्यक्रम होता. दोन्ही वेळा तिकडं मोठी ओरड झाली, वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला, डेन्व्हरचे लोक तर कोर्टात गेले. आपल्याकडं काळा रुमाल काढून घेतला तर लोक स्वतःच म्हणतात, 'जाऊ दे, कशाला वाद.' मला काळजी याची वाटते.

आणि नेत्याचंही यात नुकसानच आहे. १५ मे २०२४ ची पिंपळगाव बसवंतची सभा आठवा. नाशिक जिल्हा, कांद्याचा पट्टा, निर्यातबंदीनं शेतकरी पोळलेला. पंतप्रधानांच्या भाषणात गर्दीतून एक तरुण ओरडला, 'कांद्यावर बोला.' त्याला पोलिसांनी नेलं, घोषणा झाल्या, भाषण पुढं सुरू राहिलं. निकाल लागला तेव्हा दिंडोरीची जागा सत्ताधाऱ्यांच्या हातून गेली होती. त्या मैदानात हजारो माणसं टाळ्या वाजवत होती आणि एकच जण खरं सांगत होता. तो फाटकावरच अडला असता तर ते एक वाक्यही व्यासपीठापर्यंत पोचलं नसतं.

आता आपल्याकडे येतो. इथं मला मनापासून बोलायचं आहे, आणि काही जणांना राग येणार हेही माहीत आहे.

आपण मराठी माणसं या शहरात मोकळ्या सभेसाठी किती भांडलोय! १९४६ च्या मे महिन्यात याच बेळगावात साहित्य संमेलन भरलं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव तिथं झाला. १७ जानेवारी १९५६ ला याच रस्त्यांवर गोळ्या चालल्या आणि माणसं गेली. १ जून १९८६ ला कन्नड सक्तीच्या आंदोलनात पुन्हा गेली. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाला आपण दरवर्षी जातो. आणि आजही बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की त्याच्या विरोधातल्या समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारली जाते. २०२२ च्या डिसेंबरात व्हॅक्सिन डेपोपाशी काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. जमावबंदी, मैदानाला पोलिसांचा वेढा, कार्यकर्त्यांची धरपकड, महाराष्ट्रातल्या नेत्यांना जिल्ह्यात प्रवेशबंदी. 'तुम्ही आमचे नाही, म्हणून तुम्हाला मैदान नाही,' हे वाक्य ऐकून आपले कान किटलेत. मग फाटकावर माणसं निवडून आत सोडण्याला सगळ्यात आधी विरोध कुणी करायला हवा? आपणच ना?

पण आपल्या सभांत काय होतं तेही बघा. फाटकावर कुणी पास मागत नाही, हे खरं. भगवी टोपी नसली तर मात्र चार जण वळून बघतात. ज्यानं मागच्या वेळी राष्ट्रीय पक्षाचं काम केलं तो मैदानाच्या कडेला जरी दिसला तरी 'गद्दार' म्हणून हाक येते. एखाद्या तरुणानं उठून विचारलं की समितीत दोन गट कशासाठी, एका मतदारसंघात समितीचे दोन उमेदवार कशासाठी, तर व्यासपीठावरून उत्तर मिळत नाही, खालून घोषणा सुरू होतात. पोरगं बसतं. पुढच्या सभेला ते येत नाही. मतदानालाही समितीकडं येत नाही.

२०१३ ला समितीचे दोन आमदार होते. २०१८ ला एकही नाही. २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला एक लाख सतरा हजारांच्या वर मतं पडली, सगळ्या देशाचं लक्ष गेलं, आपल्याला वाटलं आता वारं फिरलं. त्याच वर्षी सप्टेंबरात महापालिकेच्या ५८ प्रभागांसाठी पहिल्यांदाच पक्षचिन्हावर लढती झाल्या आणि पालिका हातून गेली. २०२३ ला विधानसभेत पुन्हा शून्य. हरण्याची कारणं अनेक आहेत, पैसा आहे, फोडाफोडी आहे, साड्या-कुकर आहेत, ते सगळं मला मान्य. पण ती एक लाख माणसं कुठं गेली, का गेली, हे विचारायला आपण त्यांना एकदा तरी सभेला बोलावलं का? आपल्या सभांना गर्दी होतीच. घोषणांनी घसा बसेपर्यंत होती. त्या गर्दीत सगळे आपलेच होते, म्हणून मतमोजणीच्या दिवसापर्यंत आपल्याला काही कळलंच नाही.

अजून एक. माझ्या शेजारी कन्नड बोलणारं घर आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार, त्यांना मराठी माझ्यापेक्षा चांगलं येतं. त्या घरातल्या अण्णांनी एकदा विचारलं, तुमच्या सभेला आलो तर चालेल का, तुमचं म्हणणं एकदा नीट ऐकायचंय. मी 'या की' म्हणालो खरा, पण मनात धास्ती होती की कुणी काही बोललं तर? ती धास्ती मला खटकते. आपलं म्हणणं खरं आहे, १९५६ पासून आपण ते मांडतोय, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे. खरं म्हणणं कन्नड माणसासमोर मांडायला काय अडचण आहे? उलट त्यालाच पुढच्या रांगेत बसवून ऐकवलं पाहिजे.

टेम्पोतून आणल्या जाणाऱ्या बायकांबद्दल लोक फार हलकं बोलतात, ते मला आवडत नाही. 'पैसे घेऊन येतात' म्हणतात. उन्हातान्हात तीन तास बसायचं, नेता दोन तास उशिरा, प्यायला पाणी नाही, लघवीला जायची सोय नाही, आणि मजुरी बुडालेली. त्यांना निदान माइक तरी द्या. काकतीच्या, उचगावच्या बाईला पाण्याबद्दल, बसबद्दल, पोराच्या मराठी शाळेबद्दल विचारायला काय कमी आहे? पण तिला आणलं ते फोटोसाठी. ड्रोन डोक्यावरून गेला की तिचं काम संपलं.

मला ठाऊक आहे की मोठ्या नेत्यांच्या सुरक्षेचे नियम असतात, आणि ते असावेतच. झडती घ्या, पिशवी बघा, ओळखपत्र बघा. त्याला कुणी ना म्हणत नाही. रंग बघू नका, पक्ष विचारू नका, खांद्यावर काय आहे ते उतरवायला लावू नका. आणि जागा भरली तर सगळ्यांनाच सारखं थांबवा, पहिला आला तो आत.

जिल्हा पंचायत आणि तालुका पंचायतीच्या निवडणुका २०२१ पासून रखडल्या आहेत. कधीतरी लागतीलच. तेव्हा गावोगावच्या कोपरा सभांचं नियोजन आपल्याच पोरांच्या हातात असणार आहे, मग पक्ष कुठलाही असो. आमच्या गल्लीच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. प्रत्येक कोपरा सभेत भाषणानंतर अर्धा तास प्रश्नांना ठेवायचा. माइक कार्यकर्त्याच्या हातात न ठेवता गर्दीत फिरवायचा. आणि प्रश्न विचारणाऱ्याला घोषणा देऊन खाली बसवणारा आपला माणूस असला तर त्याला व्यासपीठावरून नाव घेऊन थांबवायचं. माझं म्हणणं पटत नसेल तर खाली लिहा, शिवी सोडून काहीही चालेल. पटत असेल तर आपापल्या गावच्या बैठकीत हेच मांडा.