‘पंप लावताच सगळं बंद’: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

लाइट गेल्यावर तुमच्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीवर घर चालवायची जोडणी आम्ही करून दिली. तिला तुम्ही दोन स्टार दिलेत आणि चार तक्रारी लिहिल्यात. पंप लावताच गाडीची वीज बंद पडते, एक्स्टेन्शन बोर्ड वितळला, टेस्टर न्यूट्रललाही पेटतो, आणि दुसरा इलेक्ट्रिशियन जे काम ‘दोन्हीकडे पिन असलेल्या वायरीने’ करून देतो म्हणाला, त्यासाठी आम्ही चेंजओव्हर स्विचचे (घर एका वेळी लाइनला किंवा गाडीलाच जोडणारा स्विच) पैसे घेतले. पहिल्या दोन तक्रारी रास्त आहेत.

बोर्ड वितळला तो आमच्यामुळे. गाडी उभी राहते तिथपर्यंतचं अंतर न मोजता आम्ही १० मीटरची केबल दिली. ती पुरेना, म्हणून तुम्ही मध्ये घरातला ६ अँपिअरचा बोर्ड जोडलात. त्यातून तास-दोन तास ११-१२ अँपिअर गेले की पिन सॉकेटला जिथे टेकते ती जागा आधी तापते. १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच) अशा वेळी पडत नाही, कारण त्याच्या मर्यादेत सगळं ठीक असतं. २० मीटरची सलग केबल आम्ही आमच्या खर्चाने देतो: २.५ स्क्वेअर एमएम, तीन कोअर, गाडीच्या अडॅप्टरकडे १६ अँपिअरचा थ्री-पिन टॉप आणि भिंतीवरच्या इनलेटकडे (जिथून गाडीची वीज घरात येते) इंडस्ट्रियल सॉकेट. वापरताना केबल पूर्ण उलगडा. वेटोळं तसंच ठेवलं तर आतल्या आत तापतं.

पंपाबद्दल आम्ही आधी विचारायला हवं होतं. तुमच्या गाडीचा व्ही-टू-एल (गाडीतून बाहेर वीज देणारी सोय) ३.३ केव्हीएचा, म्हणजे साधारण १४ अँपिअर. एक एचपीचा सिंगल फेज पंप चालताना ६-७ अँपिअर घेतो, त्यामुळे कागदावर तो बसतो. पण सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-पाच पट ओढतो. महावितरणची लाइन तो झटका सोसते, गाडीतला इन्व्हर्टर (बॅटरीची वीज घरच्यासारख्या विजेत बदलणारा भाग) सोसत नाही आणि स्वतःला वाचवायला वीज तोडतो. मोठा एमसीबी लावून हे सुटणार नाही. शटडाऊनच्या गुरुवारी सकाळी लाइट जायच्या आत टाकी भरून घ्या आणि पंप गाडीवर घेऊच नका. फ्रिज, पंखे, दिवे, वायफाय मिळून सरासरी ४०० वॉट धरले, तर ४० युनिटच्या बॅटरीत ९० वरून ३० टक्क्यांपर्यंत २४ युनिट मिळतात. रूपांतरात जाणारं आणि गाडीची यंत्रणा चालू ठेवायला लागणारं वजा केलं, तरी दीड दिवस सहज निघतो.

टेस्टरची गोष्ट मात्र वायरिंगचा दोष नाही. महावितरणचा न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो, गाडीचा नसतो. त्यामुळे दोन्ही तारा जमिनीच्या तुलनेत शंभर-सव्वाशे व्होल्टच्या आसपास तरंगतात आणि टेस्टर दोन्हींवर पेटतो. हे ‘दुरुस्त’ करायला कोणी न्यूट्रल आणि अर्थिंग जोडून देतो म्हणाला, तर जोडू देऊ नका. बऱ्याच गाड्या त्याला गळती समजून बंद पडतात. याच तरंगण्यामुळे गाडीवर घर असताना आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा स्विच) नेहमीसारखा पडेलच असं नाही. त्याचं टेस्ट बटण फेज आणि न्यूट्रलमध्ये असतं, म्हणून ते दाबल्यावर तो पडतो, पण तेवढ्यावर विसंबू नका. वॉशिंग मशीन, गीझर अशी ओल्या जागेतली उपकरणं तेवढा वेळ बंदच ठेवा.

आता ती दोन्हीकडे पिन असलेली वायर. एक टोक गाडीत, दुसरं घरातल्या सॉकेटमध्ये. घराकडची पिन निसटली तर २३० व्होल्ट उघड्यावर. त्याहून वाईट म्हणजे मेन स्विच पाडायचा राहिला, तर तुमची गाडी गल्लीला वीज देऊ लागते. ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो: २३० तिकडे ११,००० होतात, आणि त्या लाइनवर ‘सप्लाय बंद आहे’ म्हणून वायरमन चढलेला असू शकतो. लाइट परत आली तर दोन वेगळ्या लयींच्या विजा भिडतात आणि गाडीचा ऑनबोर्ड चार्जर जाऊ शकतो. मेन पाडायचं लक्षात ठेवू, असं म्हणणारा माणूस त्या वेळी घरी असेलच असं नाही. म्हणून दोन पोलचा, मध्ये ‘ऑफ’ असलेला चेंजओव्हर. तो फेजबरोबर न्यूट्रलही तोडतो, दोन्ही बाजू एकदम जोडल्याच जात नाहीत. स्वस्तातला सिंगल पोल लावला, तर गाडीचा न्यूट्रल लाइनच्या न्यूट्रलला चिकटून राहतो. हे पैसे आम्ही परत करणार नाही, आणि त्याशिवाय काम करूनही देणार नाही.

घरचा बॅटरी-इन्व्हर्टरही बघायचा आहे. त्याचं इनपुट चेंजओव्हरच्या आधी, महावितरणच्या बाजूला हवं. नाहीतर तो गाडीच्या विजेवर स्वतःची बॅटरी भरत बसतो.

केबल घेऊन माणूस येईल, तेव्हा हे तपासेल. तोवर ती दोन्हीकडे पिन असलेली वायर तुमच्याकडे असेल, तर दोन्ही टोकं मोकळी असताना एक पिन कापून टाका.