‘फक्त मागे दिवा लावला’ म्हणे!

महोदय,

सिनेमाचा जन्म २८ डिसेंबर १८९५ चा, असं म्हणणाऱ्या ‘सिनेमाचा वाढदिवस’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा सहज, आणि एकदा त्यात मुद्दा कुठे आहे ते शोधायला. मुद्दे आहेत, नाही असं नाही. पण ‘चार लेख वाचून पाचवा पाडलेला दिसतो’ अशी सुरुवात केल्यावर पुढचं शांतपणे कसं वाचायचं, तेही सांगायचं होतंत. ‘एक चूक आहे’ एवढं म्हणून भागलं नसतं?

तर ती चूक आधी कबूल करतो. २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसच्या ग्राँ काफेत ऑग्युस्त आणि लुई या ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून खेळ केला, त्यात आगगाडीची फिल्म होती असं मी लिहिलं. त्या दिवशीच्या १० फिल्म्समध्ये ती नव्हती. गाडी अंगावर येतेय असं वाटून लोक पळत सुटले, हीसुद्धा दंतकथाच म्हणायची. मान्य. पण माझा लेख काही त्या गाडीत बसून आलेला नव्हता.

आता तुमचं ते वाक्य. ‘एडिसनच्या कायनेटोस्कोपमध्ये सगळं आधीच होतं, १८९४ पासून न्यूयॉर्कात लोक पैसे मोजून बघत होते, ल्युमिएरांनी फक्त मागे दिवा लावला.’

फक्त!

अहो, कायनेटोस्कोप म्हणजे एक लाकडी पेटी. वरच्या भोकाला डोळे लावून उभं राहायचं, एका वेळी एकाच माणसाने. आत साधारण पन्नास फूट फिल्म चाकांवरून फिरत राहायची, आणि ती मध्ये कुठेही थांबत नसे. सगळी गोम इथेच आहे. पळत्या फिल्मवरचं चित्र फराटलेलं दिसू नये म्हणून फिरत्या तबकडीतल्या बारीक फटीतून ते निमिषभरच दाखवायचं. पेटीत वाकून बघणाऱ्याला तेवढा उजेड पुरतो, पडद्याला पुरत नाही. मागे हवा तेवढा मोठा दिवा लावा, त्यातला बहुतेक उजेड ती तबकडीच खाऊन टाकणार.

ल्युमिएरांच्या यंत्रात चित्र थांबतं. दोन दात फिल्मच्या कडेच्या भोकांत शिरतात, तिला एक चौकट, म्हणजे एका चित्राएवढी, खाली ओढतात, बाहेर निघून पुन्हा वर जातात. फिल्म सरकत असते तेवढा वेळ झडप बंद. सरकायची थांबली की झडप उघडी आणि उजेड पुरेपूर. हे सेकंदाला सोळाएक वेळा, हाताने दांडा फिरवून. शिलाई मशीन कापड टाक्याटाक्याने सरकवतं त्यावरून लुईला ही युक्ती सुचली. शिवाय हेच यंत्र चित्र टिपायचं, हेच प्रत छापायचं आणि हेच पडद्यावर दाखवायचं. एडिसनचा कॅमेरा म्हणजे विजेच्या मोटरीवर चालणारं धूड. ते उचलून गावोगाव फिरा बघू.

आणि हे मी चार लेख वाचून सांगत नाहीये. माझे वडील थिएटरात प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर होते. शाळा सुटली की मी केबिनमध्ये. दहाव्या वर्षी रीळ चढवायला शिकलो. गेटच्या, म्हणजे फिल्म दिव्यासमोरून जाते त्या खाचेच्या, वर आणि खाली फिल्मचा थोडा झोल सोडावा लागतो, कारण वरचं दातेरी चाक फिल्म सलग सोडत असतं आणि गेटमधून ती धक्क्याधक्क्याने सरकते. एकदा माझ्या हातून खालचा झोल कमी पडला. पडद्यावर चित्र थरथरायला लागलं, मग टर्रकन आवाज आणि खालून शिट्ट्या. वडील एक शब्द बोलले नाहीत. कात्री आणि फिल्म जोडायच्या सिमेंटची बाटली माझ्यापुढे सरकवली, बस्स. तेव्हा चौकट थांबणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. तुम्ही कधी रिळाला हात लावलाय का? सहज विचारतोय.

आता ल्युमिएरांच्या आधी पडद्यावर खेळ करणारे बर्लिनचे स्क्लाडानोव्स्की बंधू. हो, १ नोव्हेंबर १८९५, विंटरगार्टन थिएटर, तेही तिकीट लावून. तारीख मला ठाऊक आहे. पण त्यांच्या यंत्राला दोन फिल्म लागायच्या, एक चित्र हिच्यातलं, पुढचं तिच्यातलं. पुढे ते कुणी उचललं नाही. आता तुम्ही म्हणाल, टिकणं वेगळं आणि पहिलं असणं वेगळं. म्हणा.

मायब्रिजने ओळीने फोटो काढलेले धावते घोडे आणि ल प्रँसने १८८८ मध्ये इंग्लंडातल्या लीड्सला केलेलं चित्रण यांवर बोलायचं तर वेगळा लेख लागेल. बोलपटांवर तर मी अक्षरही लिहिलं नव्हतं, तरी तुमच्या प्रतिक्रियेत त्यावर सात ओळी आहेत!

ग्राँ काफेत त्या दिवशी ३३ जणांनी प्रत्येकी १ फ्रँक मोजला आणि एकत्र बसून एकच पडदा पाहिला. वाढदिवस मी त्याचा धरलाय, पेटीचा नाही. आगगाडीचा परिच्छेद लेखातून काढला आहे. तारीख आणि शीर्षक तेच राहील.