कामाला टिकेल अशी जीन्स कुणी विकतं का?

दुकानात पाऊल टाकलं की ठरलेलं वाक्य: 'दादा, स्ट्रेचेबल आहे, एकदम कम्फर्ट.' अरे, मला फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये उकिडवं बसून ग्राइंडर चालवायचाय! ताणलं जातं म्हणजे त्यात इलास्टेन हा रबरासारखा ताणणारा कृत्रिम धागा आहे, बऱ्याचदा सोबत पॉलिस्टरही. ठिणगी पडली तर सुती कापडाला भोक पडतं. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. हे विकणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

कामाला १२ ते १४ औंसाचं, म्हणजे एका चौरस यार्डाला तेवढं वजन भरणारं, जाड निव्वळ सुती डेनिम लागतं. औंस विचारले की पोरगं तोंडाकडे बघत राहतं आणि आणखी एक पातळ पँट पुढे करतं.

आणि फाटते कुठे? दर वेळी मांड्यांच्या मधे! बसलं की सगळा ताण तिथल्या शिवणीवर. तिथे चौकोनी तुकडा जोडला, गुडघ्यावर दुहेरी कापड लावलं, की झालं. पण नाही. गुडघा आधीच फाडलेली जीन्स दुप्पट भावाने टांगलेली असते, ते बघून तर डोकंच फिरतं.

मजुरांच्या पँटचे खिसे उसवतात म्हणून अमेरिकेतल्या रीनोच्या जेकब डेव्हिस या शिंप्याने तांब्याचे रिव्हेट ठोकले, कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉससोबत १८७३ साली पेटंट घेतलं. कष्टाची माणसं डोळ्यांसमोर ठेवून शिवलेलं कापड हे! आज त्याच माणसांच्या मापाचं, कामाचं काही मिळू नये?

चारशे-पाचशे रुपये जास्त घ्या, खुशाल देतो. पण जाड कापड द्या, खोल खिसे द्या, वाकल्यावर पाठ उघडी पडणार नाही एवढी उंच कंबर द्या.