‘स्क्रीनवर दिसतं तेच छापून येतं’ म्हणे!

‘प्रेसवाल्यांची पोलखोल : छपाईत फसू नका’ असा एक सात कलमी मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. शेवटी नेहमीप्रमाणे हात जोडलेले, आणि ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’. मी तो आधी सोडून दिला होता. डीटीपीवाल्याने असल्या मेसेजांवर चिडायचं ठरवलं तर दुकान उघडायला वेळच उरणार नाही. पण परवा तो माझ्या भाच्याने पाठवला, आणि तोही पुरावा म्हणून. पोरगा फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानची स्मरणिका बघतो. म्हणतो, “मामा, तू सांगतोस ते पीडीएफ-बिडीएफ काही लागत नाही. हे वाच. मी प्रेसला वर्डची फाइल धाडली, प्रूफपण नको म्हणून सांगितलं.” जत्रा तोंडावर आलीय आणि हा प्रूफ नको म्हणून सांगून मोकळा!

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एक, संगणक जे दाखवतो तेच छापतो, वेगळं आलं तर प्रेसची चूक. दोन, झूम 100 टक्के केला की स्क्रीनवर खरं माप दिसतं, छापील पान त्याहून लहान निघालं तर प्रेसने ‘साइज मारली’. तीन, वर्ड फाइल पुरते, फॉन्ट आणि पीडीएफ मागणं हे बहाणे. चार, आरजीबी-सीएमवायके (स्क्रीनचे तीन रंग आणि छपाईच्या चार शाया) हे बिल फुगवायचं थोतांड. पाच, फोटो स्क्रीनवर स्वच्छ तर कागदावरही स्वच्छ. सहा, ब्लीड (कापायच्या कडेबाहेर नेलेला जादा रंग) म्हणजे तुमच्या पैशांनी कागद कापून फेकणं. सात, प्रूफवर सही घेतात ती हात झटकायला, मोबाइलवर पाहिलं की झालं.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो.

वर्डची फाइल म्हणजे पान नव्हे. ती पान कसं मांडायचं याची कृती आहे, आणि फाइल ज्या संगणकावर उघडाल तिथे वर्ड ती मांडणी नव्याने करतं. ओळ कुठे तुटणार हे त्या संगणकावरचा फॉन्ट ठरवतो. वर्ड तर निवडलेल्या प्रिंटरच्या ड्रायव्हरकडूनही माहिती घेतं, त्यामुळे नुसता प्रिंटर बदलला तरी एखादा शब्द खालच्या ओळीत उतरू शकतो. इंग्रजीत फॉन्ट नसला तर टाइम्सच्या जागी दुसरं काहीतरी येतं आणि वाचता तरी येतं. आमच्याकडे मामला वेगळा. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आतून देवनागरी नसतोच. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर काना, मात्रा, अर्धी अक्षरं बसवलेली असतात. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही तिथे ‘श्री’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. 1616 साली गोव्यातल्या रायतूरला फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या मराठी ओव्या रोमन लिपीत छापल्या गेल्या. तेव्हा देवनागरी खिळेच नव्हते, त्यामुळे तो नाइलाज होता. आज फॉन्ट असूनही पाठवायचा कंटाळा म्हणून तीच पाळी ओढवून घ्यायची?

‘पण मी युनिकोडमध्ये टाइप केलंय’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. चांगलं केलंत, मजकूर वाचता येईल. जुळेलच असं नाही. मंगल फॉन्टमध्ये नेटकं बसलेलं पान दुसऱ्या देवनागरी फॉन्टमध्ये उघडलं की अक्षरांची रुंदी बदलते, ओळींची उंची बदलते आणि 32 पानांची स्मरणिका 33 पानांची होते. मधे पिन मारायच्या पुस्तकात पानं चाराच्या पटीत लागतात. म्हणजे ते एक पान वाढलं की पुस्तक 36 वर जातं, आणि मग रिकाम्या तीन पानांसाठी जाहिराती शोधत फिरा. त्यात काही छापखान्यांत पानं जुळवायला अजून पेजमेकर हे जुनं सॉफ्टवेअरच चालतं. त्याची शेवटची आवृत्ती, 7.0, 2001 सालची. तिला युनिकोड देवनागरी कळत नाही. मग ऑपरेटर मजकूर कन्व्हर्टरमधून काढतो, आणि तिथे ‘ऱ्हास’, ‘दऱ्या’, ‘वाङ्मय’ असले शब्द हमखास मार खातात. त्याच्या जागी नवं इनडिझाइन असलं तरी भारतीय लिप्यांचा कंपोझर निवडलेला नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात.

आता देणगीदारांची यादी बघा. स्मरणिकेत लोक सगळ्यात आधी तेच पान उघडतात. आमच्याच भागातल्या एका देवस्थानची यादी मी पाहिली आहे. नावं एका चौकटीत, रकमा शेजारच्या दुसऱ्या चौकटीत, आणि दोन्ही नुसत्या अंदाजाने समोरासमोर ठेवलेल्या. टेबल नाही, टॅब नाही, जिथे सरळ दिसत नव्हतं तिथे स्पेसबार मारून सरळ केलेलं. ज्या संगणकावर केलं तिथे अगदी देखणं दिसत होतं. प्रेसमध्ये फॉन्ट बदलला आणि ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ पत्नी, मुलगे व सुना’ ही ओळ मावेना, ती दोन ओळींची झाली. तिच्याखालचं प्रत्येक नाव एक ओळ खाली सरकलं. रकमांच्या चौकटीला याचा पत्ताच नाही, ती जागची हलली नाही. परिणाम असा की 10,001 देणाऱ्यासमोर 501 आणि 501 वाल्यासमोर 5,001. गावात महाजनांचे, म्हणजे देवस्थानच्या हक्कदार सभासदांचे, आधीच दोन तट. पुढे काय झालं असेल ते गोव्यातल्या कुणालाही समजावून सांगायला नको.

यात प्रेसने काय ‘फसवलं’? फाइल उघडली आणि छापली. मेसेजमधला सल्ला पाळला की असंच होणार.

याउलट पीडीएफमध्ये फॉन्ट फाइलच्या पोटातच जातो. ओळ जिथे तुटली तिथेच तुटते. आणि हा काही फोंड्यातल्या प्रेसवाल्यांनी चहाच्या टपरीवर बसून केलेला नियम नव्हे. छपाईसाठी द्यायच्या पीडीएफचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 15930. त्याचा पहिला भाग 2001 साली निघाला, व्यवहारात त्याला पीडीएफ-एक्स-1ए म्हणतात. त्यात सक्ती अशी : वापरलेले सगळे फॉन्ट फाइलमध्ये हवेतच, रंग सीएमवायके, करडे किंवा खास शाईचेच, आरजीबी चालणार नाही, पारदर्शक थर चालणार नाहीत, आणि कापल्यावर पान किती राहणार ते माप फाइलमध्येच नोंदलेलं हवं. मेसेजमध्ये ज्यांना बहाणे आणि थोतांड म्हटलंय त्या गोष्टी या एका मानकात ओळीने अटी म्हणून आल्या आहेत.

आता पहिला मुद्दा. यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. 1984 च्या ॲपलच्या मॅकिन्टॉश संगणकाचा पडदा इंचाला 72 ठिपक्यांचा होता, आणि अक्षरं मोजायचा पॉइंटही इंचाचा 72 वा भाग. त्याच्या जोडीचा इमेजरायटर प्रिंटर इंचाला 144 ठिपके मारायचा, म्हणजे बरोबर दुप्पट. तिथे पडद्याला पट्टी लावली तर कागदाशी माप जुळायचं. ‘दिसतं तेच छापतं’ ही बढाई त्या जमान्यात बऱ्यापैकी खरी होती. पुढच्याच वर्षी 300 ठिपक्यांचा लेझररायटर प्रिंटर आणि पेजमेकर आलं, आणि पडदा व कागद यांची फारकत झाली. आज छपाईची प्लेट बनवणारं यंत्र इंचाला 2400 ठिपक्यांवर काम करतं आणि तुमचा लॅपटॉप शंभर-दीडशेवर. त्यामुळे 0.1 पॉइंटची रेघ स्क्रीनवर एक अख्खा पिक्सेल खाते, छान दिसते. कागदावर ती 0.035 मिलिमीटर उतरते, म्हणजे नसल्यातच जमा. चौकटीची बॉर्डर गायब झाल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांनी आधी रेघेची जाडी बघावी.

झूमचं तर हसूच येतं. 100 टक्के म्हणजे खरं माप हे वर्डने इंचाला 96 पिक्सेल धरून ठरवलेलं असतं. तुमच्या काचेवर ते तेवढे आहेत की नाहीत हे बघायला ते येत नाही. 15.6 इंची फुल एचडी लॅपटॉपवर इंचाला साधारण 141 पिक्सेल असतात. विंडोजचं स्केलिंगही 100 टक्के असेल तर 210 मिलिमीटरचं ए4 पान त्यावर 143 मिलिमीटर दिसेल, जवळजवळ ए5 एवढं. तेच 24 इंची फुल एचडी मॉनिटरवर साधारण 220 मिलिमीटर. दोन्हीकडे झूम 100! आणि घरच्या प्रिंटरवर ‘फिट’ ठेवून काढलेली प्रत घेऊन प्रेसला माप शिकवायला जाऊ नका. ए4 पान ‘लेटर’ या ए4 हून आखूड कागदावर बसवलं की ते 94 टक्क्यांवर येतं. ‘ॲक्चुअल साइज’ निवडा, पानावर 100 मिलिमीटरची एक रेघ ओढा, छापा, आणि कागदावर पट्टी लावा. साइज कोणी मारली ते लगेच कळेल.

रंगाचं सांगतो, तेही ज्याने भाच्याचं डोकं फिरवलं तेवढंच. स्क्रीन उजेड फेकते, कागदावर शाई उजेड गिळते. पोपटी हिरवा, विजेसारखा निळा आणि झगझगीत भगवा यांतलं बरंचसं चार शायांच्या आवाक्यातच नाही. रूपांतर तुम्ही केलं नाहीत तर यंत्र करेल, आणि तुमचा निळा जांभळट होऊन येईल. पण मला रंगापेक्षा काळ्याची काळजी जास्त. आरजीबीतला साधा काळा मजकूर फोटोशॉपच्या मूळ सेटिंगवर सीएमवायकेत नेला तर चार शायांचे 75, 68, 67, 90 टक्के असा निघतो. एकूण 300 टक्के शाई, चार प्लेटा, आणि तेही नऊ पॉइंटच्या अक्षराला! चारांतली एक प्लेट केसभर सरकली की शिरोरेषेला वर गुलाबी, खाली निळसर सावली येते आणि अनुस्वार फुटतो. रोमन अक्षरांपेक्षा आपल्या लिपीत हे जास्त डोळ्यांवर येतं, कारण प्रत्येक शब्दावर आडवी रेघ आहे. त्यात गोव्याचा पाऊस. कागद दमट हवा पितो आणि फुगतो, आषाढात रजिस्ट्रेशन, म्हणजे चारही रंग एकमेकांवर नेमके बसवणं, सांभाळताना मशीनवाल्याचा घाम निघतो. मजकूर शंभर टक्के एकट्या काळ्या शाईत ठेवला तर ही भानगडच नाही. याला जो थोतांड म्हणतो त्याने एकदा मशीनपाशी उभं राहावं.

फोटो : ए4 च्या पूर्ण रुंदीला इंचाला 300 च्या हिशोबाने 2480 पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर साध्या (एचडी नसलेल्या) सेटिंगवर फोटो म्हणून पाठवलेला फोटो लहान होऊनच पोचतो, तो पासपोर्ट साइजला चालेल, मुखपृष्ठाला नाही. निदान डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ब्लीड : गठ्ठा एकदम कापतात, कागद थोडा हलतो, म्हणून रंग कापायच्या कडेबाहेर 3 मिलिमीटर जास्त घ्यायचा, नाहीतर कडेला पांढरी फीत दिसते. यावर याहून जास्त बोलण्यासारखं काही नाही.

राहिलं प्रूफ. सही हात झटकायला घेतात हे काही प्रेसच्या बाबतीत खरं आहे, मी नाकारत नाही. ‘स्क्रीनवर वेगळंच दिसतं हो’ म्हणत स्वतःची फिकट, डागाळलेली छपाई गळ्यात मारणारे महाभागही आहेत. पण त्या सहीचा उपयोग तुम्हालाही तेवढाच आहे. मोबाइलची चमक तुम्ही वर ठेवलीत, अध्यक्षांनी खाली, खजिनदाराच्या फोनला रात्रीचा पिवळा मोड. यातलं ‘दिसतं ते’ नेमकं कुठलं? मांडणी बघायला लेझरची प्रत पुरते. रंगावरून पुढे भांडायची शक्यता असेल, तर ज्या कागदावर छापणार त्याच्या जवळ जाणारं रंगीत प्रूफ मागा, चकचकीत आर्ट पेपरवरचं प्रूफ बघून साध्या मॅपलिथो कागदावर तीच चमक शोधू नका.

भाच्याला त्याच रात्री सांगितलं ते असं. यादी टेबलमध्ये घाल, फॉन्ट आत घेतलेली पीडीएफ कर, ती दुसऱ्याच कुणाच्या तरी संगणकावर उघडून यादीचं पान नाव आणि रक्कम अशी जोडी लावत वाच, मग प्रेसला दे आणि वर्डची फाइल परत घे. अशी पीडीएफ देऊनही ओळ हलली, पान वाढलं, अक्षर फुटलं, तर प्रेसने ती फाइल छापलीच नाही, मधे कुणीतरी हात घातला. मग मात्र खुशाल भांड, पुन्हा छापून माग, बिल अडवून धर. मीही येईन बरोबर. नुसतं ‘भगवा मोबाइलवर जास्त चमकत होता’ एवढंच असेल तर मला हाक मारू नकोस.