गुळाचा खडा खिशात ठेवून निर्धास्त फिरणाऱ्यांनो, जरा थांबा

आज दुपारी एक काकू मेडिकलच्या काउंटरवर रिकामी स्ट्रिप ठेवून म्हणाल्या, "हीच शुगरची गोळी द्या. पण आमच्या ह्यांना गुळानं फरक का पडला नाही, तेवढं सांगा."

काका रविवारी जोतिबाला गेलेले. पहाटे बिनसाखरेचा चहा, त्यावर गोळी, आणि दर्शन झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही हा नेम. रांगेत दरदरून घाम, हात थरथर, बोलणं बरळल्यागत. बरोबरच्या पोरांनी शुगर डाऊन झाली हे बरोबर ओळखलं आणि गुळाचा खडा तोंडात घातला. थोड्या वेळानं दुसरा. काका तसेच! शेवटी दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज गेलं तेव्हा माणसात आले.

पोरांना दोष देणाऱ्यांनी आधी आपल्या घरातली स्ट्रिप उलटी करून वाचावी. काकांच्या स्ट्रिपवर होतं: ग्लिमेपिराइड 2 मिलिग्राम, मेटफॉर्मिन 500 एसआर, वोग्लिबोज 0.2. एका गोळीत तीन औषधं, आणि घरात तिचं नाव काय, तर 'शुगरची गोळी'.

मेटफॉर्मिन लिव्हरमधून सुटणारी साखर कमी करतं. एकटं असलं तर सहसा शुगर पाडत नाही. पाडतं ते ग्लिमेपिराइड. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात भाकरी आहे की नुसता चहा याची चौकशी करत नाही. असर जवळजवळ दिवसभर. म्हणून ते नाश्त्याबरोबर किंवा पहिल्या जेवणाबरोबर घ्यायचं. गोळी घेतली की खायचंच. दर्शन नंतर.

आता वोग्लिबोज. हे आतड्यात साखर आणि पिष्ट फोडणारी एन्झाइम अडवतं, म्हणजे जेवणानंतर शुगर एकदम उसळत नाही. पण गूळ म्हणजे बहुतेक सुक्रोजच. तो फुटल्याशिवाय रक्तात जात नाही, आणि फोडणाऱ्यालाच आपण गोळी देऊन बसवून ठेवलंय! काकांचे दोन्ही खडे पोटात गेले, रक्तात वेळेवर पोचले नाहीत. साखर, पेढा, सगळ्यांचं तेच.

अशा माणसाला लागते ग्लुकोज पावडर. डबीवर डेक्स्ट्रोज लिहिलेली, साधी. फ्लेवरवालीत बऱ्याचदा साखर मिसळलेली असते. शुगर 70 च्या खाली दिसली की 15 ग्रॅम, म्हणजे तीन-चार छोटे चमचे, अर्धा ग्लास पाण्यात. 15 मिनिटांनी परत तपासा, नाही चढली तर परत तेवढंच. चढली की जेवायला घाला. मशीन जवळ नसेल आणि लक्षणं दिसत असतील तर मशीन शोधत बसू नका, आधी पावडर द्या. ग्लुकोज नसेल तर मध. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं, सरळ दवाखाना. आणि एकदा चढली म्हणून घरी आणून झोपवू नका. ग्लिमेपिराइड अजून अंगात असतं, काही तासांनी परत पाडू शकतं.

ज्यांच्या गोळीत वोग्लिबोज किंवा त्याच जातीचं अकार्बोज, मिग्लिटॉल नाही त्यांना गूळ-साखर चालते, मान्य. पण ते कळायला स्ट्रिप वाचावी लागते ना मर्दा!

गंमत बघा, वर्षभर "गुळाच्या चहानं काही होत नाही" म्हणून कप रिचवायचे, आणि शुगर पडली की ती वाढवायला तोच गूळ आणायला पळायचं. कोल्हापूरच्या गुळाचा अभिमान मलाही आहे, पण मधुमेहाला तो साखरेचा सख्खा भाऊच.

उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा. ते घाईत असतात, खरंय. तरी विचारा. मनानं बंद करू नका, आणि अर्धी मोडून तर नकोच. एसआर मोडली की हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं.

चिडून लिहिलं खरं, पण काकूंचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही. रविवारपासून त्यांना वाटत होतं, गूळ कमी पडला, आणखी द्यायला हवा होता. तसं नव्हतं म्हटल्यावर जरा सैल झाल्या. ग्लुकोजची डबी घेतली, वर माझ्याकडून पेनानं 'गूळ नको, हे द्या' लिहून घेतलं. जोतिबाच्या पिशवीतच ठेवते म्हणाल्या, गुलालाच्या शेजारी. "हे काय माझं ऐकायचे नाहीत, पण पोरं वाचतील."